वरचा गट खुराकाने मिळतो की हाडापेराने?

मोहोळ, मंगळवेढा, माळशिरस या पट्ट्यात कुस्तीचा विषय निघाला की तो महाराष्ट्र केसरीवरच येऊन थांबतो. थांबणारच. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या स्पर्धेत मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड आणि मोहोळचा सिकंदर शेख समोरासमोर आले. त्या लढतीत बाहेरच्या टांगेला दिलेल्या गुणांवरून झालेला वाद पुढे कित्येक दिवस चहाच्या टपऱ्यांवर रंगत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या स्पर्धेत सिकंदरने झोळी डावावर शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत आसमान दाखवलं आणि गदा सोलापूर जिल्ह्यात आली. 2025 ला अहिल्यानगरच्या अंतिम लढतीत पुन्हा महेंद्र होताच. गदा पृथ्वीराज मोहोळला मिळाली.

याचा एक परिणाम तालमींत दिसतो. 70 किंवा 74 किलोच्या गटात चांगलं नाव काढणाऱ्या पोराला घरचे, पाहुणे आणि गावचे जाणकार एकच विचारतात: वरच्या गटात कधी जाणार? बॉक्सिंगमध्येही हा प्रश्न प्रत्येक अजिंक्यवीराच्या वाट्याला येतो. जिथे माणसाला काट्यावर उभं करून जोडी ठरवतात, तिथे तो टळत नाही. पण त्याचं उत्तर देताना जे ठोकून दिलं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

‘खुराक वाढवला की गट वाढला’

हा समज यात्रेच्या मैदानातून आला असावा. तिथे काटा नसतो. हलगी कडाडत असते, पंच पोराला हाताला धरून फडभर फिरवतात. समोरून कुणी हात वर केला की दोघांना शेजारी उभं करायचं, खांदा, मान, मनगट बघायचं आणि जोड लावायची. तिथे चार किलो इकडे-तिकडे झाले तरी कुणी हरकत घेत नाही, म्हणून वजन हा खाण्यापिण्याचा मामला वाटतो.

काट्याच्या स्पर्धेत हिशेब वेगळा असतो. 65 च्या गटात खेळणारा मल्ल एरवी क्वचितच 65 किलोचा असतो. तो असतो 68-70 चा; स्पर्धेआधी घाम गाळून आणि पाणी तोडून खाली येतो. म्हणजे त्याने 70 च्या गटात जायचं ठरवलं तर त्याला वजन वाढवायचंच नसतं, उतरवणं बंद करायचं असतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत महिनोन्‌महिने जातात आणि वाढलेलं वजन स्नायूंचं की पोटाचं ही शंका राहते. दुसरीत सुटका होते.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकची उदाहरणं बघा. विनेश फोगाट आधी 53 किलोत खेळायची. त्या गटाचा पॅरिसचा कोटा अंतिम पंघालने मिळवला होता, म्हणून विनेश 50 वर उतरली. पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून तिने अंतिम फेरी गाठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर 100 ग्रॅम जास्त भरली. रात्रभर व्यायाम, घाम, केस कापणं, सगळं करून झालं होतं. अमन सेहरावतचं वजन उपांत्य सामन्यानंतर साडेचार किलोंहून अधिक वाढलेलं निघालं होतं. ते एका रात्रीत उतरवून त्याने 57 चं कांस्य घेतलं. आपण टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत तोच अमन वजन जास्त भरल्यामुळे खेळूच शकला नाही.

2018 पासून जागतिक कुस्तीत एक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. हौशी बॉक्सिंगमध्येही लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहावं लागतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र वजन आदल्या दिवशी होतं आणि रात्रीतून कित्येक जण पाच-सहा किलो भरून काढतात. टीव्हीवर तो प्रकार बघून आपल्या पोरांनी अनुकरण करू नये, नियमच वेगळे आहेत.

सोलापूरच्या उन्हाचंही बोललं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो. वजनाच्या दोन टक्के पाणी अंगातून गेलं तरी दम कमी पडू लागतो. 70 किलोच्या पोराच्या बाबतीत हे जेमतेम दीड लिटर झालं, आणि तेवढा घाम अशा दिवसांत एका सरावातच जातो. त्यावर स्वेटर घालून, पाणी बंद करून पळायला लावणं हा जिवाशी खेळ आहे. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात कॉलेजचे तीन मल्ल असंच वजन उतरवताना दगावले. तेव्हा तिथले नियम बदलले.

‘चार किलो म्हणजे काय मोठंसं’

किलोने मोजू नका, टक्क्याने मोजा. 57 वरून 61 म्हणजे सात टक्के. 86 वरून 97 म्हणजे जवळपास तेरा टक्के. 97 वरून 125 म्हणजे एकोणतीस टक्के. महाराष्ट्र केसरीच्या किताबाचा गटच 86 ते 125 असा असतो, त्यामुळे 87 किलोचा मल्ल 120 च्या माणसाखाली सापडू शकतो. खालच्या गटांत जी एक पायरी असते, ती वर कधीकधी अशी अख्खा जिना होते.

शिवाय वरच्या गटातला प्रतिस्पर्धी नुसता जड नसतो. तो बहुधा उंचही असतो, त्याचे हात लांब असतात. बॉक्सिंगमध्ये हे फार महागात पडतं. तुमचा ठोसा पोहोचायच्या आत त्याचा येऊन बसतो. वजन खाऊन वाढेल, हात लांब होणार नाहीत.

‘खरा पैलवान सगळ्यात मोठ्या गटातलाच’

गदेचा मान मोठा आहे, बक्षिसाची चारचाकीही मोठी आहे (2023 च्या जानेवारीत विजेत्याला थार मिळाली होती), त्यामुळे हे पटतं. पण खाशाबा जाधवांना विसरून कसं चालेल? कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल चणीने लहानच. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात, म्हणजे 52 किलोत खेळले आणि सहावे आले. मॅटची सवय नव्हती, आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. चार वर्षांनी हेलसिंकीला ते एक गट वर, बँटमवेटमध्ये 57 किलोत उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बावीस वर्षांचं शरीर सव्वीस वर्षांचं झालं होतं, डाव मॅटवर बसले होते. गट बदलला तो या दोन्हीच्या मागोमाग. मला विचाराल तर महाराष्ट्रात वरच्या गटात जाण्याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

उलट्या बाजूचं नाव नरसिंग यादवचं. 2011 ला आपल्या अकलूजला झालेली महाराष्ट्र केसरी त्याने जिंकली आणि पुढे सलग आणखी दोन. घरच्या मोठ्या गटात तो केसरी होता. पण लंडन ऑलिम्पिकला, 2014 च्या आशियाई स्पर्धेला आणि 2015 च्या जागतिक स्पर्धेला तो खेळला 74 किलोत, आणि शेवटच्या दोन्ही ठिकाणी कांस्य मिळवलं. आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या गटातला सलग तीनदा विजेता जगाच्या काट्यावर मधल्या गटातला होता. इथला ‘मोठा’ आणि तिथला ‘मोठा’ एक नव्हेत.

‘गट बदलला म्हणजे पळ काढला’

हे फार ऐकू येतं, आणि ते बहुतेक वेळा अन्यायाचं असतं. कारण कुठला गट ठेवायचा हे खेळाडू ठरवत नाही. 2012 ला ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग आलं ते तीनच गटांत: 51, 60 आणि 75. मेरी कोमची जगज्जेतेपदं 45, 46 आणि 48 किलोतली. तिला 51 वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. स्वतःहून उंच मुलींशी खेळून तिने कांस्य आणलं. लवलीना बोरगोहेनने टोकियोचं कांस्य 69 किलोत जिंकलं. पॅरिससाठी तो गटच राहिला नाही, म्हणून ती 75 वर गेली आणि 2023 ला त्या गटात जगज्जेती झाली. तिची उंची आधीपासूनच वरच्या गटाला साजेशी होती, हे इथे कामी आलं.

बीडच्या पाटोद्याच्या राहुल आवारेचं उदाहरण मात्र गोड-कडू आहे. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण. 2019 ला तो 61 वर गेला आणि नूर-सुलतानला जागतिक कांस्य जिंकला. पण 61 हा ऑलिम्पिकचा गट नाही. त्याच स्पर्धेत 57 मध्ये रवी दहियाने कांस्यासोबत टोकियोचं तिकीटही मिळवलं. शरीराच्या दृष्टीने आवारेचा निर्णय बरोबर होता, पदकाने ते सिद्धही केलं. ऑलिम्पिकचं दार मात्र त्या गटाला नव्हतंच. ऑलिम्पिकला 57, 65, 74, 86, 97 आणि 125 एवढेच पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे गट असतात. 61, 70, 79 आणि 92 वाल्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं.

‘नाही जमलं तर परत खाली येऊ’

बॉक्सिंगमधला रॉय जोन्स ज्युनिअर हा लाइट हेवीवेटचा बादशहा. 2003 च्या मार्चमध्ये त्याने थेट हेवीवेटमध्ये जॉन रुइझला हरवलं. मग वाढवलेलं वजन उतरवून तो मूळ गटात परतला. अँटोनियो टार्व्हरविरुद्धची पहिली लढत त्याने कशीबशी काढली आणि 2004 च्या मे महिन्यात त्याच टार्व्हरने त्याला दुसऱ्याच फेरीत आडवा केला. वयाचाही भाग असेल, पण कमावलेलं मांस उतरवताना ताकदही जाते हे नाकारता येत नाही. वर जाऊन तिथेच घर केलेला उसिक आहेच: क्रूझरवेटचे सगळे पट्टे घेऊन तो हेवीवेटमध्ये गेला आणि 2024 ला तिथलेही सगळे जिंकला. पण त्याची उंची सहा फूट तीन इंच. त्याला वर जायला शरीर वाढवावं लागलं नाही, फक्त भरावं लागलं.

तेव्हा अजिंक्यवीराने वर जावं का? वजन उतरवण्यातच सरावाचा शेवटचा आठवडा जात असेल, उंची आणि हात वरच्या गटाला पुरत असतील, आणि तो गट हव्या त्या स्पर्धेत असेल, तर जावं आणि उशीर करू नये. यातलं एकही नसेल आणि फक्त गदा खुणावत असेल तर थांबावं. अठराच्या आतल्या पोराचा तर प्रश्नच नाही. त्याचं वजन उतरवू नये, जिथे भरेल त्या गटात खेळवावं.

वस्तादांना आणि पालकांना एवढंच सांगणं आहे: तालमीत एक वही ठेवा. रोज सकाळी पोट साफ झाल्यावरचं वजन, सरावाआधीचं आणि सरावानंतरचं वजन तीत लिहा. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की गट बदलायचा निर्णय घ्या, आणि तोही मोसम संपल्यावर, निवड चाचणीच्या तोंडावर नाही.