पूर्ण भूल की अर्धी?

‘मॅडम, पूर्ण भूल देणार की अर्धी?’ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणतात, ‘अर्धीच द्या, वय झालंय त्यांचं.’ कमरेखालचा भाग बधिर करणारी ती अर्धी, म्हणून हलकी. झोपवणारी ती पूर्ण, म्हणून जड, असा हिशेब लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात भूलतज्ज्ञ म्हणून मी या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात जात असते आणि हा गैरसमज खोडून काढणं हा माझ्या कामाचाच भाग झाला आहे. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप आकसलेली असेल, तर कमरेतल्या इंजेक्शनाने एकदम उतरणारं बीपी त्या माणसाला झेपत नाही. त्याला सांभाळून दिलेली पूर्ण भूल जास्त सुरक्षित ठरू शकते. दमेकऱ्याच्या पायाचं ऑपरेशन असेल, तर त्याच्या श्वासनळीच्या वाटेला न गेलेलंच बरं. त्यामुळे माणूस तपासल्याशिवाय मी कुठल्याच नातेवाइकाला उत्तर देत नाही.

पूर्ण भूल हे एकच औषध नसतं. झोपेसाठी पांढरंशुभ्र प्रोपोफॉल, वेदनेसाठी फेंटानिल आणि स्नायू सैल पडावेत म्हणून तिसरं. हे तिसरं दिलं की श्वासाचे स्नायूही थांबतात. तिथून पुढे त्या माणसाचा श्वास माझी जबाबदारी. तोंडातून स्वरयंत्र ओलांडून श्वासनळीत नळी सरकवायची आणि ती व्हेंटिलेटरला जोडायची. त्याआधी तीन मिनिटं मास्कने शुद्ध ऑक्सिजन देते. धडधाकट माणूस त्या साठ्यावर काही मिनिटं निभावतो. तान्ह्या बाळाला तेवढी सवड नसते, कारण वजनाच्या मानाने ते मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन वापरतं.

म्हणून तपासताना मी आधी म्हणते, ‘आ करा.’ स्वतःची तीन बोटं दातांच्या मधे उभी मावली पाहिजेत. अलीकडे तिशीतली पोरं येतात आणि त्यांच्या तोंडात एक बोट जेमतेम शिरतं. गालाच्या आतून बोट फिरवलं की मऊ कातडीच्या जागी ताठ दोऱ्या हाताला लागतात. ‘मी तंबाखूला शिवत नाही मॅडम, नुसती सुपारी,’ असं त्यातला एखादा सांगतो. पण गालाचं हे आखडणं मुख्यतः सुपारीचंच काम. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी ही तोंडं येतच आहेत आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. अशा मुलाला आधी झोपवलं, श्वास थांबवला आणि मग नळी गेली नाही, तर पुढची काही मिनिटं जिवावरची असतात. त्यामुळे त्याची नळी तो जागा असतानाच घालावी लागते. नाकात थेंब टाकायचे, घशात लिग्नोकेनचा फवारा मारायचा, काय काय होणार ते त्याला सांगत राहायचं. मग नाकातून बारीक लवचीक दुर्बीण हळूहळू आत न्यायची. पडद्यावर स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात, श्वासाबरोबर त्या उघडतात, मिटतात. त्या उघडल्या की दुर्बीण पलीकडे न्यायची आणि तिच्यावरून नळी सरकवायची. तो खोकतो, डोळ्यांत पाणी येतं, पण त्याचा श्वास त्याच्याकडे शाबूत असतो. नळी जागेवर बसल्याची खात्री झाली की मगच झोपेचं औषध. या सगळ्याला वेळ लागतो. सर्जन घड्याळाकडे बघतात. बघू देत.

सिझरला मात्र बहुतेक वेळा कमरेतलंच इंजेक्शन. मुलगी कळांनी हैराण झालेली असते. तिला बसवून, ‘बाळा, हनुवटी छातीला लाव, खांदे सोड, पाठ मागे ढकल,’ असं सांगत मी मणक्यांमधली फट चाचपते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई जाते तिसऱ्या-चौथ्याच्या मधून. सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्या टोकाशी पाण्यासारखा नितळ थेंब जमला की जागा बरोबर. दोन मिलिलिटरच्या आसपास औषध पुरतं. आधी पायांना ऊब येते, मग ते जड होतात. बीपी उतरायला लागलं की मशीनच्या आधी तीच सांगते, ‘मळमळतंय.’ बीपी वर आणणारं फिनाइलेफ्रिन मी सिरिंजमध्ये भरूनच ठेवलेलं असतं. पोटाचा भार मोठ्या नीलेवर पडू नये म्हणून तिच्या उजव्या कुशीखाली उशी सरकवून तिला डावीकडे कलवते. ‘हात लागलेला कळेल, ओढाताण कळेल, दुखणार नाही,’ हे आधीच बजावून ठेवते; नाहीतर पहिल्या ओढीलाच ती घाबरते.

या इंजेक्शनाने जन्माची पाठदुखी लागते, ही भीती घरोघरी आहे. बाळंतपणानंतर कंबर अनेकींची दुखते, इंजेक्शन न घेतलेल्यांचीही. डोकेदुखीचं मात्र खरं आहे. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपत राहिलं तर उठून बसल्यावर डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं. कमरेतल्या इंजेक्शनाची ही पद्धत 1898 मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जनने रूढ केली, तेव्हा त्याने ती स्वतःवरही करून पाहिली आणि हीच डोकेदुखी त्यानेही भोगली. पेन्सिलीच्या टोकाच्या बारीक सुया आल्यापासून ती बरीच कमी झाली आहे. झालीच तर लगेच कळवावं, तिच्यावर उपचार आहेत.

उपाशी राहण्याबद्दल दोन्ही टोकं दिसतात. पूर्ण भुलेत घशाची राखण सुटते आणि पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून हा नियम. ठरलेल्या ऑपरेशनाआधी साधं पाणी 2 तासांपर्यंत चालतं, अंगावरचं दूध 4 तास, गाई-म्हशीचं दूध किंवा हलकं खाणं 6 तास, तळलेलं किंवा मटण 8 तास. दुधाचा चहा दुधातच मोजायचा. आणि दुपारच्या हर्नियासाठी दोन वर्षांच्या पोराला आदल्या रात्रीपासून पाण्यावाचून ठेवणं हा त्याचा छळ आहे. असं लेकरू आलं की मला राग येतो.

म्हाताऱ्या माणसांचं गणित आणखी वेगळं. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी झोपेच्या वायूची गरज सुमारे 6 टक्क्यांनी कमी होते. खुबा मोडलेल्या आजीला कुशीवर वळवण्याआधी सोनोग्राफीवर बघत जांघेतल्या नसेजवळ औषध सोडलं, की तिला वळवता तरी येतं. पण खरी कसोटी त्या रात्री लागते. आजी भ्रमात जाते, सलाईन उपटते, मुलाला ओळखत नाही. सीमेपलीकडून आमच्याकडे आलेल्या कितीतरी आज्यांना फक्त कानडी येतं, म्हणून नातवाला पलंगाशी बसवून मी सांगते, ‘चष्मा लावून दे, कानातलं मशीन लाव आणि तिच्या भाषेत बोलत राहा.’ झोपेच्या गोळीपेक्षा याचा गुण जास्त येतो.

आणि घरात जेवढ्या गोळ्या चालू असतील तेवढ्या पिशवीत घालून आणा, असं मी प्रत्येकाला सांगते. हर्नियासाठी आलेल्या एका आजोबांनी ‘बीपीचीच एक गोळी’ सांगितली होती. पिशवीत क्लोपिडोग्रेल निघालं. स्टेंट टाकल्यापासून रोज घेत होते. रक्त पातळ असताना कमरेत सुई घातली, तर मणक्याच्या पोकळीत रक्त साचून नसा दाबल्या जातात, पाय लुळे पडू शकतात. गोळी आपल्या मनाने बंद करणंही तितकंच धोक्याचं, स्टेंट तुंबू शकतो. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी किती दिवस थांबवायची ते ठरलं आणि ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. मुलगा रजा वाया गेली म्हणून कुरकुरला. मी त्याला पुढच्या बुधवारी सकाळी यायला सांगितलं, वडिलांना सहापर्यंत पाणी देऊन.