दिवंगत बहिणीचा वाढदिवस : माहेरचा हक्काचा स्मरणदिन

मराठी कुटुंबांत दिवंगत व्यक्तीच्या स्मरणाचा दिवस ठरलेला असतो, तो निधनाचा. वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही 'प्रथम पुण्यस्मरण' हाच मथळा दिसतो. जयंती बहुधा थोरामोठ्यांचीच साजरी होते. लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी निधन झाले आणि त्यानंतरच्या पहिल्याच जन्मदिनी, २८ सप्टेंबरला, अयोध्येतील चौकाला त्यांचे नाव देण्यात आले. सामान्य घरातील स्त्रीच्या वाट्याला असा दिवस क्वचितच येई. मोबाइल घरोघरी पोहोचल्यावर हे चित्र बदलले. दिवंगत बहिणीच्या वाढदिवशी तिलाच उद्देशून संदेश लिहिण्याचा प्रघात आता रुजला आहे.

या प्रघातामागे केवळ तंत्रज्ञान नाही. परंपरेने विवाहित स्त्रीचे गोत्र बदलते. तिचे श्राद्ध सासरी होते. सवाष्ण म्हणून मृत्यू आल्यास भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, सासरचेच तिचे स्मरण करतात. माहेरी सुतकही तुलनेने थोडे. महालयातील तर्पणात भगिनीचा उल्लेख येतो खरा. पण तो अनेक आप्तांच्या ओघात. हिंगोली जिल्ह्यातील वसमतची लेक नांदेडला किंवा परभणीला नांदत असताना गेली, तर वर्षश्राद्ध तिकडे होते. वसमतच्या भावंडांना मात्र दुःखासाठी स्वतःचा असा दिवस उरत नाही. मृत्यूची तिथी सासरची. जन्माची तारीख तेवढी माहेरची. म्हणूनच भावंडे वाढदिवस धरून ठेवतात.

अर्थात, ही तारीखही सर्वांना लाभलेली नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकीत. त्यामुळे अनेक थोरल्या बहिणींचा खरा जन्मदिन कुणालाच ठाऊक नसतो. त्यांच्या आठवणीचा दिवस म्हणजे भाऊबीज. कार्तिक शुद्ध द्वितीयेला प्रत्यक्ष यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवावयास गेला, अशी कथा आहे. ओवाळणारी बहीणच यमाने नेली, की हा सण भावाला जड जातो.

गेलेल्या व्यक्तीशी बोलणे हे मन कमकुवत असल्याचे लक्षण समजण्याचे कारण नाही. मृत व्यक्तीपासून मन पूर्ण सोडवून घ्यावे, असे मानसशास्त्रात दीर्घकाळ मानले जाई. १९९६ साली डेनिस क्लास व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने या मताला आव्हान दिले. नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते, हा त्यातील विचार. वर्षातून एकदा लिहिलेला संदेश अशाच बदललेल्या नात्याची खूण म्हणता येईल.

मात्र तोच दिवस एखाद्याला अवचित घायाळही करतो. निधनाची कल्पना नसलेले परिचित 'शतायुषी व्हा' असे लिहून जातात. फेसबुकने २००९ पासून दिवंगतांचे खाते स्मृतिखात्यात बदलण्याची सोय दिली आहे. तसे केल्यास नावाशेजारी स्मरणदर्शक शब्द येतो, वाढदिवसाच्या सूचना थांबतात आणि जुना मजकूर कायम राहतो. त्यासाठी निधनाचा पुरावा द्यावा लागतो. मृत्यूचे प्रमाणपत्र त्या कामी येते. वसमतसारख्या शहरात जन्म-मृत्यूची नोंद नगर परिषदेकडे असते.

लिहिणाऱ्याने एक भान ठेवावे. संदेश बहिणीच्या नावे असला, तरी तो वाचतात तिची मुले आणि तिचे वृद्ध आईवडील. आजाराच्या किंवा अपघाताच्या तपशिलापेक्षा तिच्या बालपणीची एखादी आठवण मुलांना अधिक मोलाची वाटेल. कारण आईचे लहानपण त्यांनी पाहिलेले नसते. ते मामा-मावशीलाच ठाऊक असते.