चाळीस मायक्रॉनांची पुंजी

रायपूरला लागून उत्तरेकडे उरला आणि सिलतरा हे औद्योगिक पट्टे आहेत. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, रात्रंदिवस चालणाऱ्या भट्ट्या. तिथली काळी धूळ गच्चीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. रायपूरकराला त्याचं आता काही वाटत नाही. गाडीवर बसली की मात्र मामला खर्चिक होतो, कारण या धुळीत लोखंडाचे कण असतात.

रिंग रोडजवळ गाड्या चकचकीत करून देणाऱ्या एका डिटेलिंगच्या दुकानात काळी मर्सिडीज आली होती. उन्हात उभी होती तोवर बरी दिसत होती. आत घेऊन कारागिराने बॉनेटवर एलईडी दिवा धरला आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उमटले. खरं तर ओरखडे सगळ्याच दिशांना असतात. उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. कारण विचारलं तर ड्रायव्हर अभिमानाने म्हणाला, रोज सकाळी गाडी पुसतो. कोरड्या फडक्याने!

आधी भरपूर पाण्याने धुणं, मग लोखंड विरघळवणारा फवारा. काळ्या रंगावर काही कळेना, पण फरशीवर उतरलेले ओघळ जांभळे होते. त्यानंतर कारागिराने हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घातली आणि तळवा छतावरून फिरवला. मलाही फिरवायला सांगितलं. उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून चक्क रवाळ लागला. रुतलेले कण चिकणमातीसारख्या क्लेच्या गोळ्याने, साबणपाणी मारत, काढले.

मग आलं मायक्रॉनमीटर. पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट 40-50. माणसाचा केस 70च्या आसपास असतो. म्हणजे सारी चकाकी केसाहून पातळ थरात. बॉनेटवर आकडे 110च्या आगेमागे येत होते, मागच्या दारावर एकदम 240 आला. दार पुन्हा रंगवलेलं होतं. गाडी जुन्या बाजारातून ‘एकही ठोकर नाही’ या बोलीवर घेतलेली. मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पॉलिश म्हणजे वर काहीतरी चोपडणं, असा आपला समज. इथे उलट आहे. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा क्लिअर कोट घासून काढायचा, की कड नाहीशी होते आणि उजेड विखुरत नाही. म्हणजे दर वेळी पुंजीतून खर्च. म्हणून कडांना टेप लावली (तिथे थर सर्वांत पातळ), बॉनेटचा हातभर चौकोन आखला आणि सर्वांत मऊ पॅड, सर्वांत बारीक पॉलिशने सुरुवात केली. भागलं नाही तेव्हाच जास्त खरखरीत कंपाउंड घेतलं. मशीन सावकाश, एकावर एक पट्टे टाकत. दर फेरीनंतर अल्कोहोलचं पाणी मारून पुसणं. ही पायरी गाळणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून राहतं, गाडी आरशासारखी दिसते आणि दोन-चार धुण्यांत जाळं परत येतं.

डाव्या दारावर किल्लीचा एक चरा होता. कारागिराने नख फिरवलं, नख अडकलं. “इसको पूरा नहीं निकालेंगे सर, क्लिअर ही निकल जाएगा.” कडा बोथट करून त्याने तो तसाच सोडला. मालक कुरकुरले. माझ्या मते त्या दुकानातलं सर्वांत कसबी काम तेच होतं.

वर सिरॅमिक कोटिंग चढलं. ते पाणी, धूळ सहज सोडतं. ओरखडे मात्र त्यावरही पडतात, म्हणजे पुन्हा पॉलिश, पुन्हा पुंजीतून खर्च. तेव्हा गाडी कामाला देण्याआधी आणि काम झाल्यावर, दोन्ही वेळचे मायक्रॉनचे आकडे लिहून मागा. आणि रोजच्या धुळीला आधी पाणी दाखवा, फडकं नंतर.