विश्लेषण : पावसात गाडी पुढून घसरते की मागून? ‘फ्रंट व्हील’ आणि ‘रिअर व्हील ड्राइव्ह’चा फरक घाटात का जाणवतो?

मारुती ८०० आल्यानंतरच्या चाळीस वर्षांत एक गोष्ट हळूहळू गृहीत धरली गेली. घरची छोटी गाडी म्हणजे पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी. आता इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हे गृहीतक मोडते आहे. महिंद्राच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’मध्ये मोटर मागे आहे. टाटा हॅरिअर ईव्हीची एक मोटरवाली आवृत्तीही मागच्या चाकांवर चालते. हॅचबॅकवरून थेट अशा गाडीवर येणारा चालक शहरात बहुधा काहीच फरक सांगू शकणार नाही. पण आंबोली, ताम्हिणी किंवा आंबा घाटात, भर पावसात, वळणावर टायरची पकड सुटली तर गाडीचे नाक आधी घसरते की शेपूट, हे बऱ्याच अंशी या फरकावर ठरते. दोन्ही वेळी चालकाने करायची गोष्टही वेगळी असते.

अ‍ॅम्बॅसडरच्या मागच्या सीटवर मधला उंचवटा कशासाठी होता?

अ‍ॅम्बॅसडर आणि कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन्ही रिअर व्हील ड्राइव्ह गाड्या. इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स आणि तिथून गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपर्यंत. या शाफ्टला जागा द्यायची म्हणून मधल्या प्रवाशाच्या पायात तो उंचवटा.

पुढच्या चाकांना ताकद देण्याची कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्सच्या सित्रोएनने १९३४ मध्ये ‘ट्रॅक्सियाँ अव्हाँ’ ही अशी गाडी मोठ्या प्रमाणावर विकायला सुरुवात केली. पण छोट्या गाडीचे गणित खऱ्या अर्थाने बदलले ते १९५९ च्या ‘मिनी’ने. तिचे अभियंते अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले. शाफ्ट गेला, उंचवटा गेला, वजन आणि खर्च वाचला आणि चिमुकल्या गाडीत चार माणसे बसू लागली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० याच वाटेवरची. फ्रंट व्हील ड्राइव्ह जिंकली ती प्रामुख्याने जागा आणि किमतीवर. ती चालवायला जास्त सुरक्षित म्हणून नव्हे. तो फायदा आपसूक पदरात पडला.

ओझे वाहणाऱ्या गाड्या मात्र जुन्याच रचनेवर राहिल्या. बोलेरो, स्कॉर्पिओ, टाटा एस, मारुतीची ओम्नी आणि नंतरची ईको या सगळ्या मागच्या चाकांवर चालतात. इनोव्हाचे उदाहरण गमतीचे आहे. ‘क्रिस्टा’ रिअर व्हील ड्राइव्ह, तर तिच्यानंतर आलेली ‘हायक्रॉस’ फ्रंट व्हील ड्राइव्ह. नाव तेच, गाडी ढकलली जाण्याऐवजी ओढली जाते.

टायरच्या पकडीचे ‘बजेट’ म्हणजे काय?

प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. त्या तुकड्यात जी पकड असते तीच सगळी कामे करते. गाडी पुढे नेणे, थांबवणे आणि वळवणे, तिन्ही. पगार ठरलेला आहे असे समजा. त्यातला मोठा भाग वेग वाढवण्यावर खर्च केला तर वळण्यासाठी कमी उरतो. रस्ता ओला झाला की पगारच कापला जातो.

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे दोन टायर ओढतातही आणि वळवतातही. मागचे दोघे तुलनेने निवांत असतात. वळणात अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला तर पुढच्या टायरचे बजेट आधी संपते. स्टीअरिंग वळवलेले असते, पण गाडी वळणाबाहेर, सरळ जात राहते. याला ‘अंडरस्टीअर’ म्हणतात. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये कामाची वाटणी असते. पुढची चाके दिशा देतात, मागची ढकलतात. म्हणूनच अशी गाडी वळणात हलकी आणि नेमकी वाटते आणि स्टीअरिंगला इंजिनाची ओढाताण जाणवत नाही. पण इथे अ‍ॅक्सिलरेटरचा अतिरेक झाला की मागचे टायर सुटतात आणि शेपूट बाहेर फिरते. हा ‘ओव्हरस्टीअर’.

दोन्हींत अंडरस्टीअर कमी धोक्याचा मानला जातो. चालक घाबरला की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून निघतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच पुढच्या चाकांना पकड परत मिळते. चूक होते ती हातांकडून. गाडी वळत नाही म्हणून स्टीअरिंग आणखी पिळले जाते. टायर आधीच सरकत असेल तर जास्त वळवून उपयोग शून्य. उलट पकड परत आली की गाडी झटक्याने आत घुसते. स्टीअरिंग आहे तिथेच ठेवणे किंवा किंचित सैल सोडणे, हे त्या वेळी मनाला पटत नाही, पण बरोबर तेच आहे.

मागची चाके घसरली तर वेळ फार कमी मिळतो. अ‍ॅक्सिलरेटर हलकेच सोडायचा, नजर दरीकडे नव्हे तर जिथे जायचे आहे त्या रस्त्याकडे आणि स्टीअरिंग शेपूट ज्या बाजूला जाते आहे त्या बाजूला. शेपूट डावीकडे, तर स्टीअरिंगही डावीकडे. मग गाडी सरळ होताच तितक्याच लवकर परत मध्यावर आणायचे. हा शेवटचा भाग लिहायला सोपा आहे, करायला नाही.

मग फ्रंट व्हील ड्राइव्ह मागून घसरतच नाही का?

घसरते, आणि चालक तिथेच गाफील असतो. गाडीचा वेग कमी होतो तेव्हा वजन पुढे झुकते. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत आधीच साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे असते. उताराच्या वळणावर वेग जास्त झाला म्हणून चालकाने मध्येच अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडला किंवा ब्रेक मारला, तर मागची चाके आणखी हलकी होतात आणि शेपूट सुटू शकते. रॅलीचालक अशा वेळी उलट थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी सरळ ओढून घेतात. आपल्या घाटात, समोरून एसटी येत असताना, त्या फंदात न पडलेले बरे. वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी केला तर हा प्रसंगच येत नाही.

उतारावर रिअर व्हील ड्राइव्हची अडचण निराळी. खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला की इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. गाडी रिकामी आणि रस्ता ओला असेल तर तेवढा झटकाही मागची चाके सुटायला पुरतो. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये हाच ब्रेक वजनदार पुढच्या चाकांना लागतो, म्हणून ती इथे जास्त शांत राहते.

गणपतीला गावच्या चढावर गाडी का अडकते?

डांबरी घाटात कोणतीही धड गाडी चढते. तिथले चढ टायरच्या मानाने सौम्य असतात. खरी परीक्षा गावातल्या शेवटच्या टप्प्याची. शेवाळ धरलेली चिऱ्याची पाखाडी, लाल चिखल, वाडीकडे जाणारा तीव्र चढ. गाडीत पाच माणसे आणि डिकी गच्च.

ढोबळ हिशेब करू. शंभर फुटांना वीस फूट चढ असेल, तर गाडीच्या दर १०० किलो वजनामागे ती वर जाण्यासाठी चाकांना साधारण २० किलोचा जोर लावावा लागतो. समजा ओल्या चढावर टायरला त्याच्यावरच्या वजनाच्या ४० टक्के पकड मिळते. रिकाम्या फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅकमध्ये १०० पैकी ६० किलो पुढे. चढावर त्यातले चारेक किलो मागे सरकतात, उरतात ५६. पकड बावीसेक किलो, म्हणजे गाडी चढते. आता तीच गाडी भरा. मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत सामान आले की पुढे सपाटीवर ५२ आणि चढावर ४८ किलो. पकड १९. पुढचे चाक जागच्या जागी फिरू लागते.

रिअर व्हील ड्राइव्हमध्ये नेमके उलटे. भरलेल्या गाडीत मागे ५५ किलो असतील तर चढावर ५९ होतात आणि पकड २३ किलोच्या पुढे जाते. पण तीच गाडी रिकामी असताना मागे ४५ धरले, तर चढावर ४९ आणि पकड २० च्याही किंचित खाली. रिकामा पिकअप अडकतो तिथून रिकामी हॅचबॅक निघून जाते, ती अशी. आकडे उदाहरणादाखल आहेत, गाडीगणिक बदलतील. पण ‘चढाला रिअर व्हीलच हवी’ हे सरसकट विधान त्यातून टिकत नाही. भरलेल्या गाडीला टिकते.

फ्रंट व्हील ड्राइव्ह अडकली तर मागची माणसे उतरवणे हा सगळ्यात सोपा इलाज आहे. वजन पुढे राहते आणि एकूण ओझेही घटते. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये मागच्यांना उतरवून उपयोग होईलच असे नाही, कारण पकड देणारे वजनच निघून जाते.

थंड देशांत बर्फाच्या रस्त्यांसाठी फ्रंट व्हील ड्राइव्ह लोकप्रिय झाली तीही याच हिशेबाने, इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकांवर असल्यामुळे. बर्फाळ रस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेली माँटे कार्लो रॅली १९६४ मध्ये त्या चिमुकल्या मिनीने जिंकली होती.

इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर हा फरक उरतो का?

बराच कमी होतो. ‘इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल’ म्हणजे ईएससी स्टीअरिंग कुठे वळले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरते आहे, याची सतत तुलना करते. दोन्हींत तफावत दिसली की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी रेषेवर आणते. शेपूट बाहेर जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक धरते. हे काम माणसाला करताच येत नाही, कारण त्याच्याकडे चारही चाकांसाठी मिळून एकच पेडल असते. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ही यंत्रणा १९९५ मध्ये बाजारात आणली. गाडी घेताना सनरूफपेक्षा याची चौकशी आधी करावी. रिअर व्हील ड्राइव्ह घेत असाल तर ईएससीशिवाय नकोच, असे ठामपणे म्हणता येईल.

ईएससी नवी पकड निर्माण करत नाही, असलेली नीट वाटते. गोटा झालेल्या टायरवर तीही हतबल. आणखी एक व्यावहारिक गोष्ट. चिखलात रुतल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल चाक फिरूच देत नाही आणि गाडी जागची हलत नाही. त्यासाठी बहुतेक गाड्यांत ते बंद करायची सोय असते. बाहेर पडल्यावर पुन्हा सुरू करायला विसरू नये.

इलेक्ट्रिक गाड्या मागच्या चाकांकडे का वळल्या?

जागेचा जुना प्रश्नच संपला म्हणून. मोटर एवढी आटोपशीर असते की ती मागच्या अ‍ॅक्सलवर बसते, लांब शाफ्टची गरज नाही. शिवाय मोटर पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून देते. वेग घेताना वजन मागे जाते, त्यामुळे एवढा जोर पुढच्या चाकांना दिला तर ती सहज जागेवर फिरतात. व्होल्वोने २०२३ मध्ये आपल्या एक मोटरच्या इलेक्ट्रिक गाड्या पुढच्याऐवजी मागच्या चाकांवर नेल्या. पुढे मोटर आणि ड्राइव्ह शाफ्ट नसले की चाकांना वळायला जास्त जागा मिळते आणि गाडी अरुंद गल्लीतही लवकर वळते.

फक्त एक सवय बदलावी लागते. इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मोटर ब्रेकसारखी काम करून बॅटरी भरते, त्याला ‘रीजन’ म्हणतात. मागे मोटर असलेल्या गाडीत हा ब्रेक मागच्या चाकांना लागतो. वर सांगितलेल्या क्लचच्या झटक्यासारखाच हा प्रकार आहे. ईएससी तो सांभाळून घेते. तरीही ओल्या उतारावर रीजन कमी पातळीवर ठेवून पेडल हळूहळू सोडणे चांगले.

दोनच नवे टायर घेतले तर ते कुठे बसवायचे?

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचे पुढचे टायर आधी झिजतात. दोन नवे घेतले की टायरवाला ते सवयीने पुढेच लावतो आणि पुढचे अर्धवट झिजलेले मागे टाकतो. टायर कंपन्यांचा सल्ला याच्या उलट आहे. गाडी कुठल्याही चाकांवर चालणारी असो, जास्त नक्षी शिल्लक असलेले टायर मागे. साचलेल्या पाण्यावर झिजलेला टायर तरंगू लागतो. तो पुढचा असेल तर स्टीअरिंग अचानक हलके लागते, चालकाला इशारा मिळतो आणि वेग कमी करता येतो. तो मागचा असेल तर इशारा असा मिळतच नाही, गाडी थेट फिरते. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात, नक्षी १.६ मिलिमीटर उरली की ते पृष्ठभागाला टेकतात. पावसाळ्यासाठी त्याच्या बरेच आधी टायर बदललेले चांगले. जूनमध्ये दुकानात गेल्यावर टायरवाला वाद घालेल, ‘साहेब, फ्रंट व्हील गाडी आहे, नवे पुढेच लागतात.’ तरी मागेच बसवून घ्या.