मैदानालाही सुट्टी हवी



शाळेला दिवाळीची सुट्टी लागते, पण शालेय संघात निवडलेल्या मुलांना ती मिळतेच असे नाही. याचे कारण स्पर्धांच्या वेळापत्रकात आहे. शालेय क्रीडा स्पर्धा पावसाळ्यात तालुका पातळीवर सुरू होतात आणि पुढे जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. दिवाळी बहुधा याच्या मध्येच येते. पुढची फेरी तोंडावर असली की संघातल्या मुलांना सरावासाठी थांबवून घेतले जाते. गावातले मूल सराव आटोपून संध्याकाळी घरी जाते. आश्रमशाळेतले मूल मात्र वसतिगृहातच राहते.

आदिवासी कुटुंबाला हे फार महागात पडते. दिवाळीच्या आसपास वाघबारस असते, भाताची कापणी असते आणि त्यापाठोपाठ स्थलांतर सुरू होते. रायगडचे कातकरी वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. नंदुरबारकडची भिल्ल कुटुंबे ऊसतोडीला निघतात. आपल्या माधवनगर परिसरात गळीत हंगामात फडांजवळ कोप्या उभ्या राहतात, त्या अशाच घर सोडून आलेल्या माणसांच्या. ही माणसे परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे दिवाळीत चुकलेली आईबापांची भेट चार-पाच महिने लांबते.

"ज्याला जायचे त्याने जावे" एवढे म्हणून भागत नाही. घरी गेलो तर संघातली जागा जाईल, या भीतीने मूल रजा मागतच नाही. एक शाळा थांबली आणि दुसरीने सराव चालू ठेवला, तर शिक्षकालाही मागे पडण्याची धास्ती वाटते. म्हणून सुट्टी सक्तीची आणि सर्वांना सारखी हवी. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील माध्यमिक शाळांना नाताळच्या सुमारास पाच दिवस सराव आणि सामने दोन्ही बंद ठेवावे लागतात. सगळेच थांबतात, त्यामुळे कोणाचेच नुकसान होत नाही.

शरीरशास्त्रही हेच सांगते. सरावाने स्नायूंवर ताण पडतो आणि विश्रांतीत ते भरून येऊन बळकट होतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग नाजूक असतो. सततच्या ताणाने गुडघा, टाच दुखू लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की मुलांनी आठवड्यातून किमान एक दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने, हवे तर तुकड्यातुकड्यांनी, आपल्या खेळापासून दूर राहावे. आठवडाभराच्या सुट्टीने दमसास फारसा घटत नाही.

खेळाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. पाड्यावरच्या किती मुलींना त्यातून धीर आला असेल! पण पदकाची वाट घर तोडून जाऊ नये.

पवित्र शास्त्रात विसाव्याची आज्ञा मुलाबाळांना, चाकरांना, गुराढोरांनाही लागू आहे. दमलेल्या शिष्यांना प्रभू येशूने एकांती नेऊन विश्रांती घ्यायला सांगितले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेल यांनी १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून सोडली आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. पुढे ते चीनमध्ये मिशनरी झाले.

आपल्याला काय करता येईल? मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना भेटून दिवाळीत निदान सात दिवस मैदान बंद ठेवण्याची विनंती करावी. त्या दिवसांत गैरहजर म्हणून कोणाला संघातून वगळणार नाही, असे पालकांना आधीच कळवावे, असाही आग्रह धरावा. आणि कोणाकडे घरी जायला गाडीभाडे नसेल, तर तेवढा हातभार आपण लावावा. वसतिगृहातल्या प्रत्येक खेळाडूला यंदा घरचा उंबरठा दिसावा, यासाठी प्रार्थना करावी.