वळचणीखालची भिंत: गावठाणाच्या नकाशाची गोष्ट

अकोल्याहून वाशीमकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161 पातूर मागे टाकून मालेगाव तालुक्यात शिरला की मेडशी येते. इथल्या शिवारातला कुठलाही गट नंबर सांगा, सातबारा मिळतो, क्षेत्र कळते, नकाशा निघतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत हा चोख हिशेब गावठाणाच्या वेशीशी संपायचा. शेताचा बांध सरकारला पाठ, पण घराची भिंत कुठे संपते हे फक्त शेजाऱ्याला माहीत.

याचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. 1860च्या दशकात वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी सुरू झाली. 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे आणि साखळीभर लांब-रुंद जागेचा एक गुंठा. शेतसारा पिकत होता शेतात, म्हणून मोजले तेही शेतच. गावठाण नकाशावर एकच ठिगळ म्हणून राहिले. पुढे ग्रामपंचायतीचा नमुना 8 आला, पण तो घरपट्टीचा कागद. त्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. घर तारण ठेवायला गेलेल्याला बँकेत हे हमखास ऐकावे लागते.

हे ठिगळ उसवायला सुरुवात झाली ती पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीत. पुरंदर तालुक्यातले, मल्हारगडाच्या पायथ्याचे, पेशवाईत तोफखाना सांभाळणाऱ्या पानशांचे हे गाव. ग्रामविकास विभाग, भूमी अभिलेख विभाग आणि 1767 सालापासून देश मोजत असलेला भारतीय सर्वेक्षण विभाग अशा तिघांनी मिळून इथे ड्रोनने गावठाण मोजून पाहिले. 2019मध्ये राज्याने ही पद्धत सर्वत्र नेण्याचा निर्णय घेतला. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली आणि महाराष्ट्र पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत होता.

ड्रोनचे कौतुक फार होते. ते उडाले की शाळेला आपोआप सुट्टी! खरे काम मात्र त्याआधी जमिनीवर होते. ग्रामसेवक, भूकरमापक आणि गावकरी मिळून प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याची रेघ मारतात. वरून दिसायचे ते हीच पांढरी रेघ. शेजारी-शेजारी उभे राहून हद्द दाखवतात आणि वर्षानुवर्षे दबलेले वाद त्याच सकाळी तोंड वर काढतात. मग ड्रोन गावावर सरळ पट्ट्यांत फिरून एकमेकांवर चढणारी छायाचित्रे घेते. ती जमिनीवर अचूक बसावीत म्हणून ‘कॉर्स’ केंद्रे आहेत. उपग्रहांचे संकेत रात्रंदिवस टिपणारी अशी 77 केंद्रे राज्यात उभारली गेली. त्यांच्या आधारे चूक काही सेंटिमीटरवर येते आणि 1:500 प्रमाणाचा नकाशा तयार होतो.

मात्र ड्रोनला छप्पर दिसते, भिंत नाही. टिनाची वळचण दोन फूट पुढे आलेली असेल, तर नकाशात घर तेवढे फुगते. दोन घरांची छपरे एकमेकांना टेकली असतील, तर मधला बोळच गायब होतो. कडुनिंबाखालचा ओटा, पडक्या वाड्याची बखळ, भावाभावांत तोंडी वाटलेले अंगण, यांतले काहीच आकाशातून ठरत नाही. म्हणून भूकरमापक कच्चा नकाशा घेऊन पुन्हा दारोदार जातो, फिता लावतो, दुरुस्त्या करतो. त्यानंतर चौकशी अधिकारी कागदपत्रे पाहून आणि हरकती ऐकून मालकी ठरवतो. मगच सनद आणि मिळकत पत्रिका. या साखळीत सर्वांत वेगवान कडी ड्रोनची आणि सर्वांत महत्त्वाची चौकशीची. गाजावाजा पहिलीचा होतो, मनुष्यबळ दुसरीला कमी पडते, हे या कार्यक्रमाचे खरे दुखणे.

पसारा लहान नाही. 18 जानेवारी 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते महाराष्ट्रासह 10 राज्ये आणि 2 केंद्रशासित प्रदेशांतील 50 हजारांहून अधिक गावांत 65 लाखांवर पत्रिका वाटल्या गेल्या. देशभरात तोवर 3 लाख 17 हजार गावांवरून ड्रोन फिरून झाले होते.

ग्रामपंचायतीचा यात दुहेरी फायदा आहे. कुठले घर आकारणीतून सुटले ते कळते, तसेच रस्ता, नाली, सार्वजनिक विहीर आणि मोकळी जागा नकाशावर आल्याने अतिक्रमण पुराव्यानिशी दाखवता येते. मेडशीसारख्या महामार्गावरच्या गावात रस्त्यालगतच्या जागेचा भाव चढतो, तिथे फूटभर हद्दही महाग पडते. पण खरेदी, वाटणी, वारस यांचे फेरफार पत्रिकेवर वेळेत चढले नाहीत, तर हाच नकाशा दहा वर्षांत पुन्हा नमुना 8सारखा जुना होईल.

तेव्हा गावात मोजणीची नोटीस लागली की त्या दिवशी शेतावर जाऊ नका, घरी थांबा. चुन्याची रेघ स्वतः उभे राहून मारून घ्या. चौकशीत आईचे, पत्नीचे, बहिणीचे नाव हक्काप्रमाणे लागले का ते वाचून पाहा, आणि चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत देऊन तिची पोच घ्या.