डबक्याकाठचा देवभात

पावसाळा सरत आला की रस्त्याकडेच्या चरात, तलावाच्या उथळ काठावर भातासारखेच एक गवत पोटरीला येते. दाण्याला लांब, खरखरीत कुसळ असते. हा देवभात. आपल्याकडे आढळणाऱ्या रानभातांपैकी जो वर्षायू आहे, त्याचे शास्त्रीय नाव ‘ओरायझा नीवारा’. त्यातला ‘नीवार’ हा संस्कृत शब्द, ऋषींच्या आश्रमातला रानतांदूळ. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून न नांगरता उगवणाऱ्या या तांदळाला मान. छत्तीसगडमध्ये हलषष्ठीला रानभाताचा तांदूळ ‘पसहर’ नावाने विकतात. याच्या औषधी गुणांबद्दलही बरेच बोलले जाते, पण त्याची खरी कमाई वेगळीच आहे.

१९७०च्या दशकात आशियातल्या भातशेतीवर ‘ग्रासी स्टंट’ विषाणूची धाड आली. तपकिरी तुडतुडे तो पसरवत. रोप खुरटते, गवतासारखे फुटवे फुटतात आणि लोंबी जवळजवळ धरतच नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. लागवडीच्या एकाही वाणात पुरेशी प्रतिकारशक्ती नव्हती. ती मिळाली उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा नीवाराच्या एका नमुन्यात, आणि त्यातल्याही मोजक्याच रोपांत! गुरदेवसिंग खुश आणि सहकाऱ्यांनी संकर करून तो गुण लागवडीच्या भातात आणला. १९७६ मध्ये आलेला ‘आयआर ३६’ पुढे सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरवर पसरला.

असे नमुने आज बीजपेढीत थंड ठेवलेले आहेत. पण शीतपेटीतल्या बीला नवी कीड भेटत नाही, नवा दुष्काळ सोसावा लागत नाही. ते घडते डबक्यात. ती डबकी मात्र भराव टाकून बुजवली जात आहेत. जी उरली, तिथे शेजारच्या शेतातले परागकण येऊन रानभाताची जात मिसळत जाते.

शेतकऱ्याला हे तण नकोसे वाटते, त्यात त्याची चूक नाही. खाचरात शिरले की पीक कापणीला येण्याआधीच याचा दाणा गळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो. गवताची मात्र हीच युक्ती. रोप मरते, बी चिखलात पडून कोरडे महिने काढते. माणसाने हजारो वर्षांपूर्वी न गळणाऱ्या लोंब्या निवडल्या, तो आपला भात.

ओळखायचे असेल, तर पिकू लागलेली लोंबी मुठीतून हलकेच ओढून पाहा. देवभाताचे दाणे हातातच राहतात.